बिनखळीचं कापड

"थांबा शेठ, जिभंला इचारतो."

असं म्हणून समोरच्या गिऱ्हाइकानं आमच्या पांढऱ्या मांजरपाटाचं टोक सरळ तोंडात घातलं. डोळे मिटले, आमटीत मीठ बरोबर पडलंय का बघावं तसं तोंड जरासं हलवलं, आणि ओलं टोक बाहेर काढून म्हणाले, "खळ हाय ह्याला. दुसरं दावा."

मंडळी, कापड चोळून बघणारे तुम्हीही पाहिले असतील. उजेडात धरून बघणारे असतात, नखानं दोरा उचकून बघणारे असतात. लातूरकडच्या वाशीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तरुणपणापासून आहे, त्यामुळे लोक कापड कसं कसं बघतात यावर मी चहा थंड होईस्तोवर बोलू शकतो. पण कापड चाटून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

मी तेव्हा गादीवर नवीन बसायला लागलो होतो. त्यातून समोर लग्नाचा बस्ता बांधायला आलेली पंधरावीस बायामाणसं. नवरीची आत्या या उंच, धोतरवाल्या माणसाकडं बघून "अगं बाई!" म्हणाली आणि हातातली साडी तिनं झटकन बाजूला ठेवली, जणू हा पुढं तीही चाखणार. मी मुळात तापट. म्हटलं, "ओ पाव्हणं, कापडाचं दुकान हाय हे! खायाचं असंल तर पलीकडं भज्याचा गाडा हाय!"

त्यांच्यावर काही परिणाम नाही. दुसरा तागा उचलला, टोक तोंडात. "ह्यालाबी खळ." तिसरा. "ह्याला तर लईच." मी उठून त्यांच्या हातातला तागा ओढणार, इतक्यात आप्पा आतून जेवून आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "या तात्या! हरभरा फुलावर आला वाटतं?" मग खाली वाकून सगळ्यात खालच्या फळीवरून एक जुनाट तागा काढला. तात्यांनी त्याचं टोक तोंडात धरलं, आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की बस्त्याची मंडळीसुद्धा हसायला लागली.

"हे बिनखळीचं," तात्या मला म्हणाले. "शिकून घ्या शेठ. बाप हाय तोवर."

तात्यांचं नाव सांगत नाही. आम्हीही सगळे तात्याच म्हणायचो. वाशीपासून दोन कोसांवरच्या गावात धाकट्या भावाच्या घरात राहायचे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, शेती सामाईक आणि कारभार सगळा भावाच्या हातात. दर हिवाळ्याला बिनखळीच्या मांजरपाटाची दोन धोतरजोडीएवढी लांबी न्यायची, आणि महिन्याभरानं काचेच्या बाटलीत आंब घेऊन यायचं, हा त्यांचा नेम.

आंब म्हणजे काय हे रानातल्या माणसाला सांगायला नको. पण आमचेच काही भाऊबंद आता पुण्याला फ्लॅटमध्ये राहतात आणि हरभरा पिशवीतून उगवतो असं त्यांच्या पोरांना वाटतं, त्यांच्यासाठी सांगतो. हरभऱ्याच्या पानाला, घाट्याला म्हणजे शेंगेला बारीक लव असते. त्या लवेतून आंबट पाणी सुटतं. हरभऱ्याच्या रानातून अनवाणी चालून बघा, पायांची आग होते. भाजीसाठी कोवळे शेंडे खुडणाऱ्या बायांच्या बोटांना भेगा पडतात. पहाटे दव पडलं की ते आंबट पाणी दवात उतरतं. तेव्हा पांढरं कापड रानावर अलगद पसरायचं, भिजलं की उचलून पिळायचं. निघालेली ती आंब. पोट दुखलं, अजीर्ण झालं, ऊन लागलं, की चमचाभर पाण्यातून घ्यायची.

तात्यांचं याबाबतीतलं सोवळं फार कडक. आंबेला पितळेचं भांडं शिवू द्यायचं नाही, चिनी मातीची बरणीच पाहिजे. कापड कोरं पाहिजे आणि त्याला खळ नको. "खळ म्हंजे कांजी. ती आंबंत उतरली की बाटलीत बुरशी धरती. मग ते औशिद ऱ्हात न्हाय, घाण व्हती." आंबेनं कापडही खाल्लं जायचं, एका हिवाळ्यात त्याची जाळी व्हायची. त्यांच्या धोतराचा खालचा काठ तर कायम असा, की उंदरांनी पंगत मांडली असावी. मी कापडवाला, मला ते बघवायचं नाही. म्हणायचो, "तात्या, निदान एक धोतर तरी चांगलं ठेवा."

"कशाला? हरभरा इस्त्री बघत न्हाय."

बाटली देताना मात्र चेष्टा नाही. ती दोन्ही हातांनी आप्पांच्या हातात द्यायची आणि दर खेपेला तेच वाक्य म्हणायचं: "ह्यात झाड आन दव. बास. तिसऱ्याचं कायबी न्हाय." मग डॉक्टरांच्या कंपाउंडरला एक बाटली, शाळेच्या शिपायाच्या आईला एक, बसस्टँडच्या चहावाल्याला एक. सगळीकडं तेच वाक्य. सगळीकडं बसायला पाट आणि चहा. भावाच्या घरात त्यांचं म्हणावं असं काही नव्हतं, एक बाज आणि एक पेटी. पण या बाटल्यांमुळे वाशीच्या बाजारात ते कुणाच्याही दारात पाव्हण्यासारखे जाऊ शकायचे. हे मला फार उशिरा लक्षात आलं. मी कौतुकानं काही बोललो, तर म्हणायचे, "शेठ, मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका. माझा जलम त्याच्या पायाशी गेलाय."

झाडांविषयी त्यांचं एक शास्त्र होतं. त्यांच्या मते झाड अडचणीत आलं की सैपाक करतं. पाण्याचा ताण बसला की मिरची तिखट शिजवते. काकडीचा वेल उन्हानं बेजार झाला की कडू शिजवतो. "आन म्हशीला तान बसला तर?" आप्पा विचारायचे. "म्हशीला पाय हायती, ती निघून जाती. झाडानं कुठं जावं? जागच्या जागी कायतरी करावं लागतं त्याला."

त्याच सुमाराला डॉक्टरांनी मला रक्तदाबाची गोळी लावली आणि सांगितलं, तुम्हाला ताण आहे. ही बातमी तात्यांना कळायला नको होती. पुढं जेव्हा म्हणून मी गिऱ्हाइकावर खेकसलो, तेव्हा हे बाकावरून शांतपणे म्हणणार, "आप्पा, तुमच्या पोराला तान बसलाय. बगा कसा आंबट व्हायलाय. आळी लागायची न्हाय ह्याला."

माझी पुतणी तेव्हा लातूरला शेतकी कॉलेजात शिकत होती. संक्रांतीच्या सुट्टीत ती दुकानात बसली होती आणि तात्या तिळगूळ खात आंबेचं पुराण लावून बसले होते. पोरगी आमच्याच घरची, गप्प कशी बसेल? म्हणाली, "तात्या, झाडानं ती आंब तुमच्या पोटदुखीसाठी नाही केलेली. घाटे अळीनं पान खाऊ नये म्हणून केलीय."

"म्हाईत हाय की. आळीच्या तोंडचं काढून तुज्या आज्याला पाजतो म्या." मग जरा पुढं सरकून म्हणाले, "आन नुसती आळी न्हाय. आंब दांडगी असली की मरबी लागत न्हाय."

मर म्हणजे हरभऱ्याचा तो रोग, उभं झाड बघता बघता वाळून जातं.

"तसं नाही तात्या. मर ही मातीतली बुरशी. ती मुळातून आत शिरते. पानावरच्या आंबेला तिचा पत्ताच लागत नाही."

मला वाटलं, आता तात्या चिडणार. कितीतरी वर्षांचं शास्त्र पोरीनं तिळगूळ खाता खाता मोडलं होतं. पण त्यांनी तोंडातला तीळ सावकाश चावला आणि विचारलं, "मग मुळाशी राखण कोण करतं?"

"तिथं झाड वेगळं औषध करतं. पण ते आधीपासून तयार नसतं. बुरशी शिवली, हे झाडाला कळलं, की मग त्या जागी करायला घेतं."

"म्हंजे आंब ही दारात बांधलेली कुत्री. कुणी येवो न येवो, हायेच. आन मुळातलं औशिद म्हंजे पाव्हणा आल्यावर पेटीवलेली चूल!"

"अगदी तसंच!" पुतणी टाळी वाजवून म्हणाली.

"आन पाव्हणा उशिरा कळला तर?"

"तर मर."

तात्यांना हे इतकं आवडलं, की त्या दिवशी बाजारातल्या प्रत्येकाला त्यांनी कुत्री आणि चूल सांगितली. पुढच्या आठवडी बाजारी आले ते ओठाला काळी माती लावून. म्हणाले, "मुळाला इचारलं. जित्या झाडाचं मूळ जरा कडवट, मर लागलेल्याचं लई कडू. बिचाऱ्यानं शिजीवलं व्हतं, पर उशीर झाला." मी पुतणीला फोन लावून हे सांगितलं. ती तिकडून ओरडली, "काका, त्यांना सांगा मुळं चघळू नका! बुरशीसकट खाल्लंय त्यांनी!" तात्यांना निरोप दिला. त्यांनी दोन दिवस पोट धरलं आणि स्वतःचीच आंब प्याले.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग ते साल आलं.

हिवाळ्यात आभाळ सारखं झाकोळलेलं. मधेच एक पाऊस पडून गेला. पावसानं हरभऱ्यावरची आंब धुऊन जाते, झाड उघडं पडतं, आणि ओलीला रोगही धरतो. तात्या रोज सकाळी रानात जाऊन पान चाटायचे आणि मान हलवत परत यायचे. त्यात आप्पांचं पोट बिघडलेलं. मी निरोप धाडला होता, की जमलं तर एक बाटली द्या, आप्पा रोज विचारतात.

मधे तात्या तेरखेड्याला लग्नाला गेले. तेरखेड्याचं लग्न म्हटल्यावर काय विचारता, गावच फटाक्यांचं. वरातीत इतका दारूगोळा उडाला, की नवरा दिसेना. धुरात उभं राहून तात्यांना पडसं झालं. नाक बंद, डोळ्यांतून पाणी, जिभेला कशाची चव नाही. सांजच्याला तसेच घरी येऊन ते झोपले.

त्याच दिवशी दुपारी धाकट्या भावानं हरभऱ्यावर पंप मारला होता. अळीचं आणि बुरशीचं, दोन्ही औषधं एकत्र. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आदल्या साली निम्मं रान वाळलं होतं, पुन्हा तसं झालं असतं तर सगळ्यांच्या खाण्याची पंचाईत. सकाळी तो लवकर बाहेर पडला आणि जाताना बायकोला सांगून गेला, "दादाला सांग, हरभऱ्याचं औशिद झालंय."

आता बघा हं. आपण फवारणीलाही औषधच म्हणतो आणि पोटात घ्यायच्यालाही औषधच. पण त्या घरात 'हरभऱ्याचं औषध' म्हणजे एकच वस्तू, तात्यांची आंब. भावजयीनं निरोप जसाच्या तसा दिला. "भाऊजी, हरभऱ्याचं औशिद झालंय म्हनले." तात्यांना वाटलं, पावसानंतर पुन्हा आंब धरली, भावानं बघून मुद्दाम निरोप ठेवला. त्या भावानं उभ्या जन्मात आंबेची कधी चौकशी केली नव्हती. तात्यांना काय आनंद झाला असेल! पडसं विसरून ते कापड घेऊन रानात पळाले. पसरलं, भिजवलं, पिळलं. जिभंला विचारलं, पण जीभ बंद होती. तिनं काही सांगितलं नाही.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा ते पायरीवर उभे. बाटली दोन्ही हातांनी आप्पांना दिली. "ह्यात झाड आन दव. बास." चहाही न घेता मिळालेल्या गाडीनं परत गेले. बाकीच्या बाटल्या उद्या भरतो म्हणाले.

आमच्याकडं दुपारी दुकान अर्धवट ओढून जेवायची पद्धत आहे. पाटावर बसलो होतो, बायको येसराची, म्हणजे भाजक्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी वाढत होती. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल करकचून थांबली, शटर खडखडलं, आणि तात्या चपलांसकट थेट माजघरात आले. धोतर सुटलेलं, तोंडाला कोरड.

"कुनी घास घिऊ नका! आप्पा, बाटली! बाटली कुठाय?"

झालं होतं असं, की घरी परतल्यावर त्यांना भाऊ विहिरीवर पंप धुताना दिसला. काय धुतोस म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, कालचा पंप, तुला सांगितलं नव्हतं का औषध झालंय म्हणून? तात्यांनी शेजाऱ्याची मोटारसायकल थांबवली आणि मागं बसून आले.

"रानाला औशिद मारलं व्हतं हो," ते भिंतीला धरून म्हणाले, "आन म्या त्याचंच औशिद करून तुमाला दिलं. आप्पा, किती घेतली? बोला की!"

आप्पांनी माझ्या बायकोकडं बघितलं. बायकोनं आमटीच्या पातेल्याकडं बघितलं.

"ती... आमटीत घातली," बायको म्हणाली.

"आमटीत?"

"चिंचेऐवजी."

मला स्वतःला हे नवीन होतं. तात्यांनी झडप घालून पातेलं उचललं आणि मागच्या मोरीत ओतलं. ताटातल्या वाट्याही ओतल्या. मग विचारलं, कुणी खाल्ली का. कुणीच नाही. फक्त बायकोनं वाढण्याआधी तळहातावर थेंब घेऊन चाखली होती. मी धावत समोरच्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी तोंड धुवायला लावलं, नाडी बघितली, म्हणाले, थेंबभरानं काही व्हायचं नाही, पण लक्ष ठेवा, मळमळलं तर लगेच सांगा.

मग दुपारभर तात्या ओट्यावर बसून. दर थोड्या वेळानं दारात तोंड घालून विचारायचे, "वयनी, पोट कसंय?" शेवटी बायको वैतागून म्हणाली, "तात्या, आतापर्यंत चांगलं होतं. तुमच्या विचारण्यानंच दुखायला लागलंय!" तेव्हा कुठं त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. उन्हं कलल्यावर त्यांना आठवलं.

"आप्पा, एक सांगा. आमटीत कशी काय गेली ती?"

आप्पा आढ्याकडं बघत म्हणाले, "आरं, लई आंबट असती ती. पेवत न्हाय. आमटीला मातर झ्याक लागती."

"किती सालापास्नं?"

"पयल्यापास्नंच."

"मग दर साली तुमचं पोट बरं झालं म्हनता, ते कशानं?"

"आमटीनंच की."

मी हसू दाबलं, बायकोनं पदर तोंडाला लावला. तात्याही हसले. खूप हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. पण ते पाणी थांबेना. म्हणाले, "आप्पा, आमटीत घातली त्येचं कायबी न्हाय. पर म्या म्हनलो, तिसऱ्याचं कायबी न्हाय, आन व्हतं. तुमी माज्या शबुदावर पेला असता." मग रिकामी बाटली बगलेत घेऊन निघाले. "ह्यापुढं आंब देनं न्हाय." आप्पांनी थांबवलं, मी थांबवलं. ऐकलं नाही. बस चुकू नये म्हणून भरभर गेले. इतका मोठा माणूस पाठमोरा एवढासा दिसत होता, मला फार वाईट वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात ते आलेच नाहीत. बाजारात दिसले की लांबून हात करायचे आणि दुसऱ्या गल्लीत वळायचे. हातात बाटली नाही, तर कुणाच्या दारात कशाला जायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. चहावाल्यानं हाक मारली तरी "घाई हाय" म्हणायचे. कसली घाई? बसस्टँडवर एकटे बसून राहायचे. खालच्या फळीवरचा बिनखळीचा तागा तसाच पडून. आप्पा मला म्हणाले, "त्याला घिऊन ये रे. आमटीशिवाय पोट बरं व्हत न्हाय म्हनावं."

मी गेलो. सोबत सुट्टीला आलेली पुतणीही होती. तात्या बाजेवर बसून होते. मी आप्पांचा निरोप सांगितला, ते कसनुसं हसले. भावाला म्हटलं, रानाच्या कडेच्या चार सऱ्या औषधाशिवाय ठेव. तो म्हणाला, "शेठ, ठिवल्या असत्या. पर रोग तिथूनच सुरू व्हतो. आन वारा काय बांध बगतो का? इकडं मारलं तर तिकडं जातंच." त्याचंही खरंच होतं.

पुतणी तोवर घरामागच्या परड्यात फिरून आली होती. म्हणाली, "तात्या, इथं वाफा करा. रान लांब आहे, मधे घर आहे, गोठा आहे. बियाणं मी देते. पेरताना त्याला चांगली बुरशी चोळायची, ती वाईट बुरशीला मुळाशी येऊ देत नाही."

"बुरशीवर बुरशी?" तात्यांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे चमकले. "म्हंजे कुत्री दारात, चूल मुळाशी, आन वर ही भाडोत्री राखनदार! लईच बंदुबस्त झाला की, पोरी."

त्यापुढच्या हिवाळ्यात एका सकाळी दुकानात आवाज आला, "शेठ, तान कसाय?" बघतो तर तात्या. "एक हात कापड द्या. बिनखळीचं."

"एक हात? त्यात काय होतंय तात्या?"

"वाफाच एवढुसा हाय. चादर आथरून काय करू?"

मी खालच्या फळीवरून तागा काढला. त्यांनी टोक तोंडात घातलं, डोळे मिटले. गिऱ्हाइकं बघत होती. मी त्यांच्यावर खेकसलो, "काय बघता? तपासणी चाललीय!"

महिन्याभरानं डोळ्यात घालायच्या औषधाच्या बाटलीएवढी बाटली घेऊन आले. दोन्ही हातांनी आप्पांना दिली. म्हणाले, "ह्यात झाड आन दव. बास. तिसऱ्याचं कायबी न्हाय, म्या सोता राखन केलीया. पर आमटीत घालायची न्हाय. हितं माज्यासमोर प्यायची."

"एवढ्यात आमटी तरी व्हतीया का?" असं पुटपुटत आप्पांनी पाण्यात ओतून घेतली. आप्पांचं तोंड असं झालं, की दात नसलेल्या तान्ह्या पोरानं लिंबू चोखावं. तात्या मात्र त्यांच्याकडं इतक्या मायेनं बघत होते, की आप्पांनी दुसरा घोटही घेतला आणि म्हणाले, "झ्याक हाय."

त्यानंतर काही हिवाळे असेच गेले. एक हात कापड, एक एवढीशी बाटली, बाजारात पुन्हा सगळीकडं पाट आणि चहा. बाटलीत थेंब किती आहेत हे कुणी बघत नव्हतं. माझं दुकानातलं वागणंही जरा सुधारलं म्हणतात, पण ते बायकोचं मत आहे, मी खात्री देत नाही.

यंदाच्या पौषात एका सकाळी तात्यांचा धाकटा भाऊ दुकानात आला. डोकं उघडं, डोळे सुजलेले. मला वाटलं, तात्यांनी कापड न्यायला धाडलंय. म्हटलं, "काय, एक हातच ना?"

तो म्हणाला, "न्हाय शेठ. पुरं द्या. दादा गेला."

पहाटे परड्यात गेले होते. कापड वाफ्यावर पसरलं, आणि पिळायला वाकले ते उठलेच नाहीत. भावजयीला वाटलं, बसूनच पिळतायत.

आतून आप्पांनी विचारलं, "कोन आलंय रे?" मी हाताशी जो मांजरपाटाचा तागा होता तो ओढला. असं कापड आम्ही कात्रीनं कापत नाही, फाडून देतो. फाडायला टोक हातात धरलं, आणि माझं मलाच कळलं नाही, ते टोक मी तोंडात घातलं.

"काय करायलाव शेठ?" भाऊ म्हणाला.

"खळ आहे याला," मी म्हटलं. रडू आवरत नव्हतं. गिऱ्हाइकं होती समोर, असू देत.

"आता खळ असली तर काय, आन नसली तर काय?"

"तात्यांना चालणार न्हाय," मी म्हटलं, आणि खाली वाकून खालच्या फळीवरचा तागा काढला.